गव्हाणीतलं मीठ

१

"रिती गव्हाण माझी, बाळा, भरून टाक ये..."

बाबांचा आवाज शेवटच्या ध्रुवपदावर चढला. पायपेटीच्या सुराने दिवाणखाना भरून गेला. कोपऱ्यातल्या ख्रिसमसच्या झाडावरचे काचेचे गोळेसुद्धा जणू श्वास रोखून थांबले. दरवर्षी याच ओळीला चमत्कार व्हायचा. बाबांचा उजवा हात पेटीवरून उठायचा, कोटाच्या आतून निळा रेशमी रुमाल हवेत उसळायचा, आणि त्या रुमालामागे, मघापर्यंत सगळ्यांनी रिकामी पाहिलेल्या गव्हाणीत, पेंढा बाजूला सारून लाकडी बाळ वर यायचं. दरवर्षी बघणाऱ्यांच्याही अंगावर काटा यायचा.

पेंढा हलला. ठरल्याप्रमाणे बाजूला झाला.

आणि गव्हाणीत वर आली मिठाची बाटली.

जेवणाच्या टेबलावरची, रोजची, हिरव्या झाकणाची. पेंढ्यात ऐटीत उभी.

धाकट्या मुलाच्या नाकातून हसू फुटलं आणि तिथेच विरलं. थोरला खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या बायकोनं, सूनबाईंनी, तोंडावर हात ठेवला. आत्याबाई मात्र गव्हाणीकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या भावाकडे बघत होत्या. बाबांचा उजवा हात कोटात, छातीपाशी होता, आणि तिथेच राहिला होता.

"बाबा! छातीत दुखतंय का?" थोरला धावला.

"नाही रे." बाबांनी हात सावकाश बाहेर काढला, तो रिकामाच. मग पँटच्या खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. "संपलं म्हणायचं. संध्याकाळी लोक आले की सांगा, यंदा प्रवचन नाही. यापुढेही नाही. तिचं बाळ होतं, तिनं परत नेलं."

खोलीचं दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

२

बाबा म्हणजे जन्मभर रंगमंचावर जादू केलेला माणूस. पण स्वतःच्या सगळ्या खेळांत त्यांना एकच खरा वाटायचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारपाजार घरात गोळा करायचा, पायपेटीवर बसून ख्रिस्तजन्माची कथा गाऊन सांगायची, आणि शेवटी रित्या गव्हाणीत बाळ आणायचं. ते बाळ त्यांच्या बायकोनं मोडक्या खुर्चीच्या पायातून कोरलं होतं. ती गेल्यावर बाबांनी बाकीचे खेळ बंद केले. हा एक ठेवला. आज दुपारी घरच्यांपुरती रंगीत तालीम होती, आणि दिवे लागले की सगळी गल्ली दारात येणार होती.

"आता काय सांगायचं लोकांना?" सूनबाई रडवेल्या झाल्या.

"काही सांगायचं नाही. लोक येईपर्यंत बाळ सापडायला हवं," आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई बाबांची धाकटी बहीण. बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे त्यांचं आयुष्य गेलं होतं. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर लग्नाचा अख्खा केक, सगळं त्यांच्या हातांतून गेलेलं. त्यावरून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: वस्तू हरवत नसतात. माणसं त्या नीट ठेवतात, आणि घोटाळा तिथे होतो.

त्यांनी गव्हाणीपुढे बसकण मारली. युक्ती त्यांना ठाऊक होती, बहीण होत्या शेवटी. गव्हाणीला खोटा तळ होता. बाळ त्याच्याखाली निजवायचं. पायपेटीखाली, बाबांच्या पायाशी एक पट्टी होती. ती दाबली की दोरी ओढली जायची आणि तळाखालची फळी उचलली जायची. दोरी शाबूत होती. आत्याबाईंनी बाटली उचलून बाजूला ठेवली आणि पट्टी दाबून पाहिली. ती खटकन खाली गेली. फळीवर काही नाही, त्यामुळे पट्टीही सैल.

मग त्यांना आठवलं. जेवायला बसायच्या आधी बाबांनी पट्टीवर नुसता पायाचा अंगठा टेकवून पाहिला होता आणि खुशीत म्हटलं होतं, "वजन बरोबर आहे."

त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. अर्ध्याहून खाली गेलेली. काल संध्याकाळी त्यांनीच ती गळ्यापर्यंत भरली होती.

"आत्या, थट्टा असेल कुणाची तरी," धाकटा म्हणाला.

"थट्टा करणारा बाटली भरलेली ठेवेल नाहीतर रिकामी. ही कुणीतरी मोजून अर्धी केलीय. बाबांच्या पायाला फरक कळू नये, बाळाइतकीच भरावी, म्हणून." त्यांनी बाटली आपल्या पर्समध्ये टाकली. "पुरावा आहे, माझ्याजवळ नीट राहील. आणि एक ऐक. ज्याला बाळ कायमचं न्यायचंय तो वजन करत बसत नाही. परत आणून ठेवायचं असतं, तोच एवढा खटाटोप करतो."

"मग परत का नाही आणून ठेवलं?"

आत्याबाई उत्तर देणार, तेवढ्यात जिन्याखालून, थोरल्याच्या बॅगेतून, बारीक रडका आवाज आला.

"मम्मा..."

३

थोरला दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र तोंड मिटूनच असायचा. त्यात या घरात बाबांचा एक जुना नियम होता: कुणी कुणाची युक्ती विचारायची नाही, आणि आपली युक्ती कुणाला सांगायची नाही. मुलं त्या नियमावरच वाढली. वाढदिवसाची भेट कुठे लपवली हेसुद्धा या घरात कुणी कुणाला कबूल करत नसे.

"बॅग उघड," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्या, माझी अवजारं आहेत त्यात."

"तुझी अवजारं मम्मा म्हणतात?"

त्यानं मान खाली घालून बॅग उघडली. आत गुलाबी झबलं घातलेली रबरी बाहुली होती. बाहेर काढताच तिनं डोळे उघडले, पापण्या फडफडवल्या आणि पुन्हा आईला हाक मारली.

"देवा रे," धाकटा म्हणाला. "हिला गव्हाणीत आणणार होतास? पोटात बॅटरी घालून ख्रिस्तजन्म?"

"तू गप रे! आयत्या वेळी काही बिनसलं तर हाताशी असावी म्हणून आणली." थोरला भडकला आणि लगेच निवला. "आत्या, बाबांचे हात बघितलेस? थरथरतात. तेही एकवेळ चालेल. पण..." त्यानं बंद दाराकडे बघून आवाज खाली आणला. "चष्मा पावाच्या डब्यात सापडला. गोळ्यांची डबी रोज ठेवतात तिथे सापडेना. गेल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं, डोकं तपासणारा चांगला डॉक्टर कोण आहे रे तुझ्या ओळखीचा?"

भावाला कशाची धास्ती होती, हे आत्याबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे वडील शेवटी शेवटी आपल्याच मुलांना नावं विचारायचे, तेव्हा दोघं भावंडं हात धरून त्यांच्यापुढे उभी राहिलेली होती. बाबांना मरणाची भीती नव्हती. देवाचं नाव मुखात असताना आपण कोण, हे विसरून जाण्याची होती.

"तू बाळाला हात लावलास?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो."

"राहू दे शपथ. तू लावला असतास तर बाटलीऐवजी ही बाई वर आली असती." आत्याबाई उठल्या. "मला आता दुपारच्या सुपाबद्दल विचारायचंय."

४

दुपारचं सूप अगदी सपक होतं. थोरल्यानं तसं बोलून दाखवलं होतं, आणि सूनबाई म्हणाल्या होत्या, "बाबांच्या तब्येतीला मीठ कमीच बरं." कोपऱ्यावरची बेकरी सूनबाईंची. मीठ-साखरेचा अंदाज त्यांचा कधी चुकत नसे.

स्वयंपाकघरात त्या पाठमोऱ्या उभ्या राहून एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होत्या.

"सूनबाई, वजनकाटा कुठाय?"

भांडं हातातून निसटून वाजलं.

"काट्याच्या ताटलीला मीठ चिकटलंय," ओट्यावरच्या काट्याकडे बघत आत्याबाई मऊपणानं म्हणाल्या. "आणि बेकरीवाल्या घरात सूप सपक होतं ते मीठ जागेवर नसतं तेव्हाच. बोल बाई. मी काही पोलीस नाही."

सूनबाईंनी पदराला डोळे पुसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सकाळी त्या गव्हाण झाडत होत्या. खोट्या तळाची युक्ती त्यांना कुणी सांगितली नव्हती, पण धूळ पुसणाऱ्यापासून लपेल अशी जादू अजून निघायचीय. फळी उचलून पाहिली तर बाळाचा एक पाय निखळून पडलेला.

"बाबांना दिसलं असतं तर काय वाटलं असतं हो त्यांना? सासूबाईंच्या हातचं ते. म्हटलं, गोंद लावून वाळवते, तालमीच्या आत परत ठेवते, कुणाला कळायलाही नको. पण ते जेवणाआधी पायानं वजन बघतात, मला ठाऊक होतं. म्हणून बाटली मोजून ठेवली. बाळाला वाळायला ओव्हनवरच्या फळीवर ठेवलं. तुम्ही सगळे हॉलमध्ये जाऊन बसलात, टेबल पुसून मी घ्यायला आले..."

"आणि?"

"नव्हतं, आत्याबाई! तालमीत मी नुसती देवाचा धावा करत होते. बाबा म्हणाले तिनं नेलं, तेव्हा वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी हरवलं त्यांचं बाळ. तोंड उघडून सांगायचं कसं?"

आत्याबाईंनी फळी पाहिली. गोंदाचा एक थेंब वाळून घट्ट झाला होता. शेजारी संध्याकाळचा केक थंड व्हायला ठेवलेला, वर पांढऱ्या क्रीमचा जाड थर. आणि त्या गुळगुळीत थराच्या कोपऱ्यातून कुणीतरी बोटानं एक मोठी नांगरट काढली होती.

आत्याबाई बघत राहिल्या. असला पांढरा डाग त्यांनी आज आणखी कुठेतरी पाहिला होता. काळ्या कापडावर.

५

"क्रीम कसं होतं?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकटा शाळेत चित्रकला शिकवायचा. बोटांना सदान्कदा काहीतरी लागलेलंच असायचं.

"कसलं क्रीम?"

"केकवरचं. थोरला साखरेला शिवत नाही, दातांचा धर्म पाळतो. सूनबाई आपलाच केक उकरणार नाही. बाबा जेवल्यावर हॉलमधून हलले नाहीत. मीही हलले नाही. राहिलं कोण?"

"एक बोट फक्त, आत्या."

"त्या बोटानं पुढे काय केलं?"

धाकटा खिडकीबाहेर बघू लागला.

"मी सांगू?" आत्याबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाबांच्या काळ्या कोटाच्या आत, छातीपाशी चोरखिसा आहे. सूनबाईला इतक्या वर्षांत तो माहीत नाही, कारण या घराचा तो थोर नियम. माहीत फक्त तुम्हा दोघा भावांना आणि मला. आज बाबा हात बाहेर काढत होते ना, तेव्हा कोटाच्या काठाला आतून पांढरं लागलेलं मी पाहिलं. मला वाटलं, अस्तर उसवलंय."

धाकट्याचे डोळे भरून आले.

"पाणी घ्यायला आत गेलो होतो. बाळ ओव्हनवर! मला वाटलं, झालं, बाबाच ठेवून विसरले. चष्मा पावात, बाळ ओव्हनवर. तुम्ही सगळे हॉलमध्ये गव्हाणीपुढेच बसलेले. तुमच्यादेखत ठेवलं असतं तर बाबांचं हसं झालं असतं. कोट दारामागे लटकत होता. म्हटलं, अंगात घालताना हाताला लागेल, ते आपलं आपण गुपचूप जागेवर ठेवतील. कुणाला कळणारही नाही."

"त्या कोटात पत्ते, नाणी, रिंगा, अर्धा बाजार भरलेला असतो! एका बाळाचं ओझं कसं लागेल हाताला?"

"पण मग बाटली वर आल्यावर त्यांनी खिशातून का नाही काढलं? मला वाटलं, सापडून त्यांनी दुसरीकडे कुठे ठेवलं, आणि पुन्हा विसरले."

आत्याबाई जवळच्या खुर्चीत बसल्या. एकेक गोष्ट जागेवर बसत होती. निळा रुमाल असतो चोरखिशात. हात आत गेला, पण रुमाल बाहेर आलाच नाही. पांढरा आला, पँटच्या खिशातून. गव्हाणीत मिठाची बाटली उगवली, घर हादरलं, आणि एकट्या बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आपण घरभर शोधतोय," त्या म्हणाल्या, "आणि बाळ तालमीपासून त्यांच्या छातीशी आहे. त्यांनी हरवलं नाही रे. त्यांना ते सापडलं. घात झाला तो तिथेच."

बाहेर गल्लीत दिवे लागायला सुरुवात झाली होती.

६

"दादा, कडी काढ."

"मी निजलोय."

"कोट घालून?"

कडी सरकली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. हीटर लावून खोली ऊन ऊन झालेली, कपाळावर घाम, आणि काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घट्ट बंद.

आत्याबाई त्यांच्या शेजारी बसल्या. दोघं मुलं आणि सूनबाई उंबऱ्यात थांबली.

"दादा, सकाळी तू बाळ कुठे ठेवलंस?"

"गव्हाणीत. तळाखाली. मला स्पष्ट आठवतं गं. त्याच्या कपाळावर बोट टेकवून प्रार्थना म्हटली, तीसुद्धा आठवते. आणि रुमाल काढायला हात घातला तर ते माझ्या खिशात!" त्यांनी छातीवरचं बटण मुठीत धरलं. "जे आठवतं ते घडलं नाही आणि जे घडलं ते आठवत नाही. आपल्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. उद्या गाता गाता देवाचंच नाव विसरलो तर? त्यापेक्षा आज थांबावं. तिनं नेलं म्हटलं की लोक निदान हसणार तरी नाहीत."

"झालं तुझं? आता यांचं ऐक. पोरांनो, आज या घरात युक्ती सांगायची. सूनबाई, तू आधी."

सूनबाईंनी पायाचं सांगितलं, गोंदाचं, काट्याचं, मिठाचं. धाकट्यानं ओव्हनचं सांगितलं, खिशाचं सांगितलं, आणि न विचारता क्रीमचंही. थोरल्यानं बाहुली पुढे केली. ती मम्मा म्हणाली.

बाबा एकेकाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश उगवत होतं.

"म्हणजे मी गव्हाणीतच ठेवलं होतं?"

"अगदी जागच्या जागी. तुला आठवतं तसंच."

"पण चष्मा? पावाच्या डब्यात?"

"तो मी ठेवला हो," सूनबाई कळवळून म्हणाल्या. "तुम्ही ओट्यावर काढून ठेवला होतात, मी पीठ मळत होते. पीठ उडू नये म्हणून जवळचा डबा उघडला. मग दुकानात गिऱ्हाईक आलं नि सांगायचं राहिलं."

"गोळ्यांची डबी?"

थोरल्यानं घसा खाकरला. "मी वरच्या कप्प्यात नीट लावली होती. तुम्हाला वाकावं लागू नये म्हणून."

मग बाबांच्या पोटातून हसू निघालं, छातीत आलं, डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर पडलं, आणि पलंग गदगदा हलू लागला.

"अरे लबाडांनो! मी तिकडे देवाला म्हणतोय, माझी बुद्धी तेवढी शाबूत ठेव, आणि तुम्ही इकडे मायेपोटी तीच रोज उचलून दुसरीकडे ठेवताय!"

"तुझं डोकं जागेवर आहे, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "बाकी घराचं मला सांगता येत नाही."

बाबांनी कोटाची बटणं सोडली. चोरखिशातून निळ्या रुमालात गुरफटलेलं बाळ काढलं. पाय पक्का चिकटला होता. गालाला जरासं क्रीम लागलं होतं. ते त्यांनी अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा चाटला.

"केक चांगला झालाय, सूनबाई," ते म्हणाले. "लोकांना आत घ्या."

७

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, खिडकीत माणसं. बाबा पायपेटीवर बसले आणि त्यांनी कथा सुरू केली ती भलतीकडूनच. ख्रिस्त बारा वर्षांचा असताना आईबाप सणाहून परत निघाले. आईला वाटलं, पोर बापाबरोबर असेल. बापाला वाटलं, आईबरोबर असेल. सोयऱ्यांना वाटलं, असेल कुठेतरी आपल्याच घोळक्यात. असं सगळ्यांच्या मायेच्या मधोमध ते लेकरू हरवलं. नि सापडलं कुठे, तर देवळात, म्हणजे स्वर्गातल्या बापाच्याच घरी!

"हसू नका!" बाबा सुरातच ओरडले. "तुमच्याही घरी होतं हे! विचारा, एकमेकांना विचारा, बाळ कुणाकडे आहे? माझ्याकडे नाही, असं म्हणायची लाज बाळगू नका. माझ्याकडे आहे, असं सांगायलाही कचरू नका!"

सूनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. थोरल्यानं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं ध्रुवपद धरलं, आणि त्याला सूर आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. धाकट्यानं ठेका धरला. सगळी गल्ली एका गळ्यानं गाऊ लागली:

"रिती गव्हाण माझी, बाळा, भरून टाक ये!"

बाबांचा हात उठला. थरथरत होता, पण निळं रेशीम त्या थरथरीनं असं काही लहरलं की आभाळ हलल्यासारखं वाटलं. पेंढा बाजूला झाला. बाळ वर आलं.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे आपोआप उभे राहिले.

प्रवचन संपून पाहुणे पांगले आणि घरची मंडळी जेवायला बसली. सुपाचा पहिला घोट घेऊन थोरल्यानं टेबलावर नजर फिरवली.

"मीठ कुठाय?"

सूनबाई धाकट्याकडे बघू लागल्या, धाकटा थोरल्याकडे. "मी हात नाही हं लावला," सगळे एकदमच म्हणाले. टेबलाखाली वाकून झालं, गव्हाणीत डोकावून झालं, चोरखिसासुद्धा उलटा करून झाला.

बाबा शांतपणे सूप पीत होते. मग त्यांनी बहिणीच्या मांडीवरच्या पर्सकडे बोट दाखवलं.

आत्याबाईंनी पर्स उघडली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बाटलीचं हिरवं झाकण ऐटीत वर डोकावत होतं.

"पुरावा होता," त्या पुटपुटल्या. "मी फक्त... नीट ठेवला होता."

थोरल्याच्या बॅगेतली बाहुली मध्येच रडली, पण त्या हसण्यात ती कुणाला ऐकूच गेली नाही.

बाबांनी बाटली घेतली, सगळ्यांच्या ताटाशेजारून फिरवत आणली आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली.

"ही बघा, मी मीठ इथे ठेवलंय," ते मोठ्यानं म्हणाले. "सगळ्यांना सांगून ठेवलंय."